उन्हाळ्यात कोकणच्या खाडीत कयाकवरून मासेमारी

कयाकला इंजिन नसते, आणि कोकणातल्या उन्हाळ्यात ही एकच गोष्ट गळ, रीळ आणि आमिष यांच्या निवडीपेक्षा महत्त्वाची ठरते. पहाटेच्या गारव्यात वल्हवत मासळीच्या जागेपर्यंत जाणे कोणालाही जमते. अकरा वाजून गेल्यावर डोक्यावर ऊन आणि समोरून वारा किंवा ओहोटीची धार असताना परत फिरणे मात्र धडधाकट माणसालाही जड जाते. म्हणून या छंदाची तयारी दिनदर्शिकेपासून करावी.

सह्याद्रीतून उतरणाऱ्या कोकणच्या नद्या पश्चिमेकडे वाहतात. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मंद मतलई वारा असतो. जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि दुपारी तो खाडीच्या मुखातून सरळ आत घुसतो. दुपारी वारा पश्चिमेकडून येणार हे ठरलेलेच असल्यामुळे सकाळी मुखाच्या दिशेने उतरावे आणि उशिरा, वारा पाठीशी घेऊन, वरच्या अंगाला परतावे, हा सोयीचा क्रम आहे. यात पाण्याचीही साथ मिळायची असेल तर सकाळी ओहोटी आणि परतताना भरती लागली पाहिजे. असे दिवस तिथीवरून काढता येतात. तिथीला तीनने गुणून चारने भागले की भरती पूर्ण होण्याची अंदाजी वेळ मिळते, हा हिशेब किनाऱ्यावर जुना आहे. चतुर्थीला तो तीन वाजता येतो. म्हणजे पूर्ण ओहोटी त्याच्या सहा तासांहून थोडी आधी, सकाळी पावणेनऊच्या सुमारास. सहाला पाण्यात उतरावे, ओहोटीबरोबर खाली जावे, पाणी थांबते त्या वेळी मासे धरावेत आणि भरती सुरू झाली की तिच्याबरोबर वर यावे. शुद्ध आणि वद्य पक्षांतल्या तृतीयेपासून पंचमीपर्यंतचे दिवस या बेताला उत्तम बसतात. अष्टमीला भरती सहाला पूर्ण होते आणि दुपारपर्यंत पाणी उतरतच राहते. त्या दिवशी खाली गेल्यास परतीचा सगळा मार्ग धारेविरुद्ध पडतो. मात्र अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असल्याने धार मंद असते, तेव्हा आधी वर वल्हवत जाऊन ओहोटीबरोबर परत येता येते. नवशिक्याने भांगाचेच दिवस निवडावेत आणि अमावास्या-पौर्णिमेचे उधाण सुरुवातीला टाळावे.

हा हिशेब मुखाजवळचा आहे. खाडीत जसजसे आत जावे तसतशी भरतीची वेळ पुढे सरकते, आणि काही मैल आत हा फरक तासाभराच्या घरात जाऊ शकतो; म्हणून भरती-ओहोटीच्या तक्त्यातली वेळ पाहिल्यावरही त्या गावातल्या पागणाऱ्या (फेकजाळ्याने मासे धरणाऱ्या) माणसाला एकदा विचारून घ्यावे. वाशिष्ठीच्या वरच्या भागात आणखी एक घटक असतो. कोयना प्रकल्पातून वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणी कोळकेवाडीमार्गे या नदीत येते, त्यामुळे भर वैशाखातही तिचे पाणी भरतीशी संबंध नसताना चढू शकते. याच वाशिष्ठीत आणि महाडजवळच्या सावित्रीत मगरींची वस्ती आहे. फेब्रुवारी ते एप्रिल हा त्यांचा अंडी घालण्याचा काळ, आणि पुढे पिल्ले बाहेर येईपर्यंत मादी काठावरून हलत नाही. पाण्याला टेकून चालणारी कयाक अशा काठाजवळ नेऊच नये, आणि धरलेले मासे दोरीला ओवून पाण्यात लोंबकळत ठेवण्याची सवय तर या नद्यांवर पूर्ण सोडावी.

सुरुवातीसाठी जागा निवडताना खाडीचा मधला पट्टा घ्यावा. कर्ली, गड, शास्त्री, काजळी या सगळ्या नद्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे असतात. ओहोटीचे पाणी बाहेर पडताना त्यावर समोरून लाट फुटली की लहान होडीसुद्धा तिथे उलटते. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडले येथे जंगल जेटीच्या, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या बोटीच्या, फेऱ्या चालू असतात, आणि तारकर्ली-देवबागला पर्यटकांच्या यांत्रिक होड्या. त्यांचा मार्ग सोडून काठाने जावे. वाळू उपशाने तळाला खोल खड्डे पडलेले असतात, त्यामुळे कयाकवरून पाय खाली सोडून उथळ आहे असे समजून उतरू नये. मालवणच्या सागरी अभयारण्याची घोषणा १९८७ मध्ये झाली असून सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या त्याच्या गाभा क्षेत्रात गळ टाकायचा नसतो.

उन्हाळा खाडीतल्या मासेमारीला फळतो याचे कारण खारटपणात आहे. नदीचा वरचा प्रवाह आटतो, भरतीचे खारे पाणी आतपर्यंत पोहोचते आणि त्याच्याबरोबर तांबोशी, जिताडा, पालू, गोबरा हे मासे एरवीपेक्षा वर चढतात. त्यांच्या जागा ओळखणे अवघड नाही. कांदळवनाची मुळे, कालवे चिकटलेले खडक, जुन्या जेटीचे खांब आणि खाडीला येऊन मिळणाऱ्या लहान ओहोळांची तोंडे या चार ठिकाणी दबा धरणारा मासा हटकून असतो. पाणी उतरू लागले की कांदळवनात शिरलेली कोळंबी आणि बारीक मासळी नाइलाजाने बाहेर निघते आणि शिकारी मासा ओहोळाच्या तोंडाशी तिची वाट पाहतो. खारभूमीच्या बांधाला असलेली उघाडी, म्हणजे पाणी सोडण्याची झडप, ही तर याची सर्वांत ठळक जागा. ओहोटीला तिच्यातून पाणी बाहेर पडू लागते, तेव्हा धारेच्या कडेला, जिथे वेगवान आणि संथ पाणी एकमेकांना लागते, तिथे आमिष पडले पाहिजे. पण उघाडीच्या अगदी तोंडाशी कयाक नेऊ नये, आणि तिथे कोणाचे जाळे किंवा खुटवणी (खुंटांना बांधलेले जाळे) लागलेली असेल तर ती जागा त्याची समजून पुढे जावे. हा शिष्टाचार पाळणाऱ्याला गावातून पुढच्या वेळी माहिती मिळते, न पाळणाऱ्याला मिळत नाही.

आमिषात जिवंत कोळंबीला तोड नाही. गळ तिच्या शेपटीच्या टोकाकडून घालावा म्हणजे ती जास्त वेळ जगते, आणि शिसे शक्य तितके हलके ठेवावे म्हणजे ती धारेबरोबर नैसर्गिकपणे वाहते. कृत्रिम आमिष वापरायचे असल्यास कोळंबीच्या आकाराचे रबरी आमिष आणि पहाटे पृष्ठभागावर चालणारा पॉपर एवढे पुरे. डबा भरून आमिषे नेणाऱ्याचा वेळ ती बदलण्यातच जातो. काठी साडेसहा-सात फुटांची मध्यम ताकदीची, रीळ ३००० आकाराचे, विणीची दोरी वीस ते तीस पौंडांची आणि पुढे जाड तंगुसाचा (नायलॉनच्या एकेरी दोरीचा) हातभर ते दीड हात तुकडा असावा. हा तुकडा कंजूषपणा न करता चाळीस पौंडांचा घ्यावा, कारण तांबोशी गळ लागताच मुळांत घुसते आणि कालवांच्या कडेला बारीक दोरी एका घासात कापली जाते. त्याच कारणाने रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटण्यावरचा ब्रेक, आधीच घट्ट ठेवून माशाला पहिल्या काही क्षणांतच मोकळ्या पाण्याकडे ओढावे लागते. कयाक हलकी असल्याने मोठा मासा तिलाच कांदळवनाकडे खेचतो. एका हातात काठी धरून दुसऱ्या हाताने वल्हे उलटे मारण्याचा सराव आधी रिकाम्या पाण्यात करावा.

एका जागी थांबण्यासाठी चिखलाच्या तळात बांबूची काठी रोवणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. नांगर टाकायचाच असेल तर दीड किलोचा पुरतो, परंतु त्याची दोरी कयाकच्या नाळेला (पुढच्या टोकाला) किंवा वरामीला (मागच्या टोकाला) बांधावी. बाजूला, मध्यावर बांधलेला नांगर धारेत कयाक आडवी करतो आणि पाहता पाहता उलटी करतो. दोरी एका झटक्यात सुटेल अशी गाठ असावी आणि जवळ चाकू असावा. कयाक वर बसण्याच्या प्रकारातली, दहा ते बारा फुटांची, रुंद बुडाची घ्यावी, कारण उलटली तरी तिच्यात पाणी भरत नाही आणि पाण्यातूनच तिच्यावर परत चढता येते. हे परत चढणे काठाजवळ, जॅकेट घालून, जमेपर्यंत करून पाहिल्याशिवाय गळ घेऊन निघू नये. जॅकेट पट्टे आवळूनच घालावे. गरम होते म्हणून ते मागे बांधून ठेवणारे बरेच दिसतात, आणि त्यांना ते न घेणाऱ्यांतच मोजले पाहिजे.

तळी आणि धरणे यांविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. उन्हाळ्यात गोड्या पाण्यातला प्राणवायू कमी होतो, मासा दिवसभर खोल राहतो, आणि मरळ मिळते ती पहाटे गवताच्या कडेला, रबरी बेडूक ओढताना. जलाशयांतील मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतात आणि गावतळ्याचा निर्णय ग्रामपंचायतीकडे, तेव्हा परवानगी आधी घ्यावी. देवळाच्या तळ्यात, तसेच काळ नदीवरच्या वाळणकोंडासारख्या देवाच्या कोंडांत मासा धरत नाहीत. पाण्याने भरलेल्या चिरेखाणीत तर कयाक घालूच नये. तिच्या भिंती सरळ उभ्या असतात आणि पडलेल्याला बाहेर यायला पायरी मिळत नाही.

उन्हाचा बंदोबस्त म्हणजे माणशी किमान तीन लिटर पाणी, मीठ-साखर घातलेले कोकम सरबत, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि मानेवर ओला पंचा. चक्कर येऊ लागली किंवा डोके ठणकू लागले तर मासा लागलेला असला तरी सावलीच्या काठाला लागावे.

शेंगटी गळाला आली तर तिला हाताने धरू नये. पाठीवरचा आणि दोन्ही कल्ल्यांमागचा काटा विषारी असतो. पक्कडीने गळ सोडवावा, आणि काटा लागलाच तर हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास तरी बुडवून ठेवून डॉक्टरांकडे जावे. बारीक तांबोशी आणि पालू परत सोडावेत. मोठा जिताडा सोडावा की नाही हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न, पण एक माहिती असावी: हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, आणि पावसाळ्याच्या तोंडावर खाडीत फिरणारा थोराड जिताडा बहुधा अंड्यांवर आलेली मादी असते. माझ्या मते तिचा फोटो काढावा आणि पाण्यात सोडावी.

मेच्या उत्तरार्धात दुपारनंतर पूर्वेला ढग चढू लागले की वळवाचा पाऊस आणि त्याआधीचे वादळी वारे कधीही येतात, त्यामुळे त्या दिवसांत नऊलाच काठाला यावे. १ जूनपासून समुद्रातील यांत्रिक मासेमारीला बंदी लागते. कयाकला इंजिन नाही म्हणून ती लागू होत नाही असा युक्तिवाद कोणी केला, तरी जूनमधल्या खाडीला तो मान्य नसतो. रीळ गोड्या पाण्याने धुऊन, तेल देऊन ठेवावे, कयाकचा निचऱ्याचा बूच काढावा आणि ती पडवीत उलटी घालावी.