प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम बांधायचा असेल तर आधी कामाच्या जागी जा

मी यंत्रशाळेतला निदेशक, म्हणजे हातकाम शिकवणारा. लेथ, मिलिंग, मोजमाप हे माझे विषय. नवा अभ्यासक्रम करायचा म्हणून बैठकीला बोलावतात तेव्हा टेबलावर बहुतेक वेळा जुनाच अभ्यासक्रम असतो, शेवटी ‘आधुनिक तंत्रज्ञान’ नावाचं एक प्रकरण चिकटवलेलं. तो मिटून ठेवा.

पहिल्यांदा ते काम रोज करणारी माणसं एका खोलीत बसवा. कॅनडात १९६० च्या दशकाच्या अखेरीस ‘डेकम’ नावाची पद्धत निघाली, ती हेच सांगते: पाच ते बारा पक्के कारागीर, साधारण दोन दिवस, आणि भिंतीवर लावायला चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एक काम. व्यवस्थापकांना त्या खोलीत घेऊ नका. काम कसं व्हायला हवं हे व्यवस्थापक सांगतात. आपल्याला ते होतं कसं ते हवंय. चिठ्ठीवर ‘मोजमापाचे ज्ञान’ असं आलं तर परत करा. ‘मायक्रोमीटरने शाफ्टचा व्यास मोजतो’ असं आलं तर भिंतीवर लावा. (मायक्रोमीटर म्हणजे अगदी बारीक माप घ्यायचं साधन, शाफ्ट म्हणजे यंत्रातला गोल दांडा.)

मग प्रत्येक चिठ्ठीला तीन प्रश्न विचारा. हे किती वेळा करावं लागतं? चुकलं तर काय होतं? नोकरीला लागल्यावर आठवड्याभरात आपोआप जमेल का? जे आपोआप जमतं ते वर्गात शिकवू नका. क्वचित करावं लागणारं पण चुकलं तर बोट जाईल असं काम मात्र पहिल्या महिन्यातच घ्या.

आता एकेक काम उलगडायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत अननुभवी माणसांची भरती झाली आणि त्यांना झटपट तयार करायची पाळी आली. १९४० ते १९४५ या काळात ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या सरकारी कार्यक्रमाने त्यासाठी चार पायऱ्या रूढ केल्या: शिकणाऱ्याची तयारी करून घ्या, काम करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर लक्ष ठेवा. माझ्या मते त्यातली सगळ्यात कामाची चीज म्हणजे एक साधा कागद. डाव्या बाजूला टप्पे, उजव्या बाजूला प्रत्येक टप्प्यातली मेख आणि तिचं कारण.

मायक्रोमीटरचंच घ्या. टप्पा: माप वाचणे. मेख: स्लीव्हवरची, म्हणजे न फिरणाऱ्या नळीवरची, अर्ध्या मिलिमीटरची रेघ उघडी पडली आहे का ते आधी बघा. कारण: थिंबलचा, म्हणजे त्या नळीवर फिरणाऱ्या टोपणाचा, एक फेरा अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे ती रेघ नजरेतून सुटली की ७.७८ चं माप ७.२८ वाचलं जातं आणि चांगला जॉब, म्हणजे यंत्रावर केलेला तुकडा, भंगारात जातो. दुसरी मेख: थिंबल पिळू नका, टोकाचं रॅचेटच (ठरावीक दाबाला घसरणारी कळ) फिरवा, नाहीतर हाताच्या जोरावर माप बदलतं. पोरांना हे ‘करून दाखवताना’ निदेशक नेमका गप्प असतो, कारण त्याच्या हाताला ते इतकं सवयीचं झालेलं असतं की सांगायचं सुचतच नाही. म्हणून कागद लिहायचा. (आणि ज्याला दशांश अपूर्णांक येत नाही त्याला आधी ते शिकवा. शाळेतलं कच्चं गणित यंत्रावर पक्कं होत नाही.)

वर्ग आणि कारखाना यांत वेळ कसा वाटायचा यासाठी लोक जर्मनीकडे बोट दाखवतात. तिथला शिकाऊ उमेदवार आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस व्यवसायशाळेत असतो, बहुतेक व्यवसायांत हे दोन ते साडेतीन वर्षं चालतं आणि कंपनी त्याला भत्ता देते. नक्कल करणारे एवढंच उचलतात. परीक्षा कोण घेतं हे कुणी बघत नाही. तिथे परीक्षा मंडळावर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने असतात, जोडीला व्यवसायशाळेतला शिक्षक. आपणच शिकवायचं आणि आपणच पास करायचं ही सोय मिळत नाही. तुम्हाला कंपनी मिळाली नाही तरी निदान परीक्षक बाहेरचा आणा आणि परीक्षेचा जॉब खऱ्या ड्रॉइंगवरून द्या.

निदेशकालाही अधूनमधून कारखान्यात पाठवा, तेही पाहुणा म्हणून नाही, पाळीवर.

पुढची वाट बंद ठेवू नका. पालक मुलांना व्यवसाय शिक्षणाला पाठवत नाहीत म्हणून त्यांना अडाणी ठरवणं सोपं असतं. त्यांचा हिशेब बरोबर असतो: एकदा तिकडे गेलं की पदवीची वाट अवघड होते. स्वित्झर्लंडमध्ये सक्तीच्या शिक्षणानंतर जवळपास दोन तृतीयांश मुलं व्यवसाय शिक्षणाकडे वळतात. त्यामागची कारणं बरीच आहेत, पण व्यावसायिक मॅट्रिक परीक्षा देऊन उपयोजित विज्ञानांच्या विद्यापीठात जाता येतं, हे त्यातलं एक मोठं कारण आहे.

नोकरीत असलेल्यांसाठी सिंगापूरने २०१५ मध्ये स्किल्सफ्यूचर सुरू केलं आणि २५ वर्षं आणि त्यावरच्या नागरिकांना शिकण्यावर खर्च करायला ५०० सिंगापूर डॉलर दिले. पैसा लागतोच, पण वेळापत्रक पाळीच्या कामगाराला जमणारं नसेल तर वर्ग रिकामाच राहतो.

पहिली तुकडी कामाला लागून सहा महिने झाले की भिंतीवरच्या चिठ्ठ्यांची यादी घेऊन त्यांच्याकडे आणि त्यांच्या फोरमनकडे जा. एकदाही करावं न लागलेलं काम कोणतं, आणि यादीत नसलेलं कोणतं करावं लागलं, एवढंच विचारा. पहिल्यावर काट मारण्याआधी ते धोक्याचं तर नाही ना ते बघा. दुसऱ्यासाठी पुढच्या तुकडीआधी टप्प्यांचा आणि मेखांचा नवा कागद तयार ठेवा.