थीम पार्कला स्कूटरचा रेनकोट नेताय? पावसाळी सहलीतल्या या चुका टाळा

आमच्या घरात दारामागच्या खिळ्यांना चार रेनकोट लटकलेले असतात. चारही स्कूटरचे. जाड कापड, जॅकेट आणि पँट असे दोन तुकडे, पुढे चेन, चेनवर टिचबटणांची पट्टी आणि हेल्मेट मावेल एवढी मोठी टोपी. जुलैत खोपोलीजवळच्या इमॅजिका या थीम पार्कला जायचं ठरलं तेव्हा मी तेच चार काढले, घड्या घातल्या आणि पिशवीत कोंबले. ‘रेनकोट घेतलेत ना?’ असं कुणी विचारल्यावर ‘घेतलेत’ म्हणता आलं की आमच्याकडे तयारी पूर्ण होते.

परतताना गाडीत हिशोब केला. तो रेनसूट मी दिवसभरात अकरा वेळा घातला होता आणि अकरा वेळा काढला होता. शेवटी शेवटी तर रांगेतला लोखंडी दांडा धरून, एका पायावर लंगडी घालत पँट ओढत होते. मागच्या रांगेतली पोरं हसत होती, आणि त्यात माझीही दोन होती.

घोळ होता तो इथेच. स्कूटरवर रेनकोट एकदा चढवला की ऑफिस येईपर्यंत तो अंगावरच राहतो. पार्कात चालायचं असतं, रांगेत उभं राहायचं असतं, राइडवर बसताना काढायचा असतो, उतरल्यावर पुन्हा घालायचा असतो. म्हणजे तिथला रेनकोट हा मुख्यतः काढायचा कपडा आहे. दुकानात गेल्यावर एवढं जरी लक्षात राहिलं, तरी खालच्या निम्म्या चुका होणार नाहीत.

पुण्याचा पाऊस धरून कपडे निवडणं

ही चूक आम्हा पुणेकरांची खास. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. लोणावळ्यात तो आकडा ४,००० मिलिमीटरच्या पुढे जातो. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात आणि चढता चढता रिकामे होतात. खोपोली बोरघाटाच्या अगदी पायथ्याशी आहे आणि इमॅजिका खोपोली-पाली रस्त्यावर. घरून निघताना भुरभुर असते, घाट उतरेपर्यंत वायपर पुरत नाही.

त्यात तिथली हवा कोकणातली, दमट आणि उबदार. पुण्यात जे जॅकेट ‘छान ऊबदार’ वाटतं ते खाली अर्ध्या तासात घामाघूम करतं. म्हणून जाडी बघून रेनकोट घेऊ नका. कोसळणारं पाणी अडवायला जाड कापड लागत नाही, कापडावरचा पाणी अडवणारा लेप आणि शिवण चांगली लागते.

‘वॉटरप्रूफ’ हा शब्द वाचून थांबणं

आपल्याकडे बाजारात ‘विंडचीटर’ या एकाच नावाखाली वाटेल ते विकलं जातं. नुसतं वारा अडवणारं नायलॉनचं जॅकेट भुरभुरीत टिकतं, मोठ्या सरीत दहा मिनिटांत गळायला लागतं. लेबलावर कधीकधी मिलिमीटरमध्ये आकडा दिलेला असतो. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केल्यावर थेंब पलीकडे झिरपतो, ते तो आकडा सांगतो. १,५०० हा साधारण किमान धरतात. आषाढातल्या घाटपायथ्याला ५,००० किंवा अधिक असलेलं बरं. आकडाच नसेल तर जॅकेट उलटं करून शिवणी बघा. खांद्यावरच्या आणि टोपीच्या शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली हवी. सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी येतं आणि खांद्याच्या शिवणीला शेकडो भोकं असतात.

आणखी एक गंमत. लेपाचं कापड नुसतं अंगावर असताना पाणी अडवतं, पण त्यावर दाब आला की हरतं. ओल्या बाकावर बसलात किंवा पाठीवरच्या पिशवीचा पट्टा खांद्यावर रुतला, की तेवढ्याच जागी ओल येते. रेनकोट फाटलाय असं वाटतं, पण फाटलेला नसतो.

दुसरा हमखास गैरसमज घामाचा. ‘बघ, आतून भिजलं, बंडल माल आहे!’ असं म्हणण्याआधी कुठे भिजलंय ते बघा. ओल पाठीवर, काखेत, कोपरापर्यंत सगळीकडे सारखी असेल तर तो तुमचाच घाम आहे. आतून प्लास्टिकसारख्या असलेल्या कापडातून वाफ बाहेर जात नाही, ती थंड कापडाला लागून पाणी होते. ओल खांद्यावर रेघेसारखी किंवा चेनच्या कडेने उतरलेली असेल तर मात्र गळती आहे. घामावर उपाय फुकटचा आहे, छताखालच्या रांगेत शिरलात की चेन पूर्ण उघडायची.

मागच्या वर्षीचा रेनकोट सहलीच्या सकाळी उघडणं

माळ्यावर घडी घालून ठेवलेल्या रेनकोटाच्या आतल्या लेपाचे पापुद्रे निघतात. दमट हवेत तो लेप हळूहळू कुजतो, तुम्ही वापरा नाहीतर ठेवून द्या. हात घातला की पांढरा कोंडा अंगाला लागतो. तो कोट गेला, त्याला औषध नाही.

म्हणून आठ दिवस आधी बाथरूममध्ये परीक्षा घ्या. रेनकोट अंगात घाला, आत दोन्ही खांद्यांवर आणि छातीशी टिश्यू पेपर ठेवा आणि पाच मिनिटं शॉवरखाली उभं राहा. घरचे वेड्यात काढतील, काढू द्या. बाहेर येऊन कुठला कागद ओला झालाय ते बघितलं की नवा घ्यायचा की नाही ते कळतं.

बुटांचंही तेच. वर्षभर खोक्यात पडून राहिलेल्या बुटांचे तळ पहिल्या पावसात जबडा वासल्यासारखे उघडतात. माझ्या दिरांचा एक बूट असाच दुपारी दोन वाजता उघडला आणि उरलेला दिवस त्यांनी तो केसांच्या रबराने बांधून काढला.

पातळ पोंचोबद्दल दोन्ही टोकाची मतं

काही लोक तो पातळ प्लास्टिकचा पोंचो बघून नाक मुरडतात, काही फक्त त्यावरच विसंबतात. माझं मत मधलं आहे. पोंचो डोक्यातून घातला की झालं, पाच सेकंदांचं काम. पाठीवरची पिशवी आत झाकली जाते, खालून वारा लागतो म्हणून घाम कमी येतो. पार्कासाठी त्याची कल्पना रेनसूटपेक्षा कितीतरी चांगली. फक्त सर्वांत पातळ प्रतीचा गळ्याशी दुपारपर्यंत फाटतो. थोडा जाड, पुन्हा वापरता येईल असा, बाजूला टिचबटणं असलेला घ्या, म्हणजे कडा वाऱ्याने उडत नाहीत.

आणि तो घालून वेगाच्या राइडवर चढू नका. हे मी ओरडून सांगेन. सुटं प्लास्टिक वेगात उडून तोंडावर चिकटतं, मागच्याच्या डोळ्यांवर जातं, नाहीतर कमरेवरच्या दांड्याखाली गोळा होतं आणि दांडा नीट बसत नाही. राइडवरचे कर्मचारी तो काढायला लावतात तेव्हा वाद घालायचा नसतो. ओढणी आणि टोपीची लांब नाडी यांनाही हाच नियम. म्हणून असा कोट हवा की काढला, चार घड्या केल्या आणि मुठीत किंवा खिशात मावला. आमच्या रेनसूटची घडी उशीएवढी होत होती. ती मांडीवर घेऊन बसू देणार कोण?

जोराचा पाऊस किंवा विजा असल्या की उघड्यावरच्या राइड थांबतात, त्या वेळात सगळे आतल्या राइडकडे वळतात. आत एसी असतो. ओल्या कपड्यांनी तिथे शिरलं की दहा मिनिटांत दात वाजतात. पिशवीत एक कोरडा टी-शर्ट लागतो तो यासाठी.

छत्री

पार्कात फिरणाऱ्याने नेऊ नये. रांगेत तिच्या काड्या शेजाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात आणि पागोळ्या मागच्याच्या मानेत. पण ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर एक काठीवाली लांब छत्री जरूर घ्या. सासूबाईंनी तिची काठीही केली, आडोसाही केला, आणि ‘ए, रांग इकडून आहे’ असं तिच्या टोकाने दाखवलंसुद्धा. विजा चमकत असल्या तर मोकळ्यावर छत्री उघडून उभं राहायचं नाही, इमारतीत जायचं.

पाय

माझ्या मते सगळ्यांत जास्त हाल इथे होतात, आणि सगळ्यांत कमी विचारही इथेच होतो.

गमबूट मुलांना फार आवडतात. पण पावसाचं पाणी पायावरून घरंगळत वरून आत शिरतं आणि मग बाहेर निघायला जागा नसते. पाण्याच्या राइडवर तर ते बादलीसारखे भरतात. जाळीच्या स्पोर्ट्स शूजमध्ये पाणी येतं आणि जातंही, पण सुती मोजा ते धरून ठेवतो आणि चारच्या सुमाराला टाचेला फोड येतो. रबरी चप्पल शेवाळलेल्या फरशीवर घसरते. शिवाय इमॅजिकातल्या नायट्रोसारख्या रोलर कोस्टरला पायाखाली फळीच नाही, पाय हवेत लोंबकळतात. तिथे चप्पल घालून बसलात तर ती कुठे जाईल ते सांगायला नको.

टाचेला पट्टा असलेले फ्लोटर्स, मोजे न घालता, हा माझा निकाल. तळ बघून घ्या. गुळगुळीत झालेला असेल तर दगडी फरशीवर तो चपलेइतकाच वाईट. नवे कोरे असतील तर आठवडाभर घरात घालून पाय सवयीचा करून घ्या, नाहीतर पट्टा कापतो.

बूटच घालायचे असतील तर घरी आल्यावर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन-तीन तासांनी बदला. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका, गोंद सुटतो.

जीन्स

वर कितीही चांगला रेनकोट घाला, पोटऱ्या भिजणारच. भिजलेली जीन्स वजनाला दुप्पट वाटते, दिवसभर वाळत नाही आणि मांड्या घासून लाल करते. घासल्यावर मलम लावण्यापेक्षा सकाळीच थोडं व्हॅसलीन लावून निघा. पटकन वाळणारी पॉलिस्टरची ट्रॅक पँट किंवा गुडघ्यापर्यंतची चड्डी सगळ्यांत सोयीची. आजींना चड्डी सुचवू नका, सलवार थोडी आखूड असली तरी पुरे.

तिथे राजासॉरसच्या नावाची पाण्याची राइड आहे. (हा डायनासोर काल्पनिक नाही. त्याची हाडं गुजरातेत सापडली आणि २००३ साली त्याला हे नाव मिळालं. हे सांगितल्यावर माझ्या धाकट्याने मला पहिल्यांदाच हुशार म्हटलं.) अशा राइडवर पाणी पुढून, बाजूने आणि बसल्या जागी खालूनही येतं. पावसाचा कोट हा वरून येणाऱ्या पाण्यासाठी असतो. तिथे भिजायचंच आहे हे मान्य करून ती राइड सगळ्यात शेवटी ठेवा आणि उतरून थेट कपडे बदला.

मुलांचा रेनकोट शाळेचाच नेणं

शाळेच्या रेनकोटाला पाठीमागे दप्तरासाठी फुगा असतो. दप्तर नसलं की वारा भरून त्याची हवाई छत्री होते. ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून दोन साइझ मोठा घेतलेला असतो, म्हणून टोपी नाकापर्यंत येते आणि मूल खांबाला धडकतं. टोपीखाली पुढे झाप असलेली साधी कॅप घातली की टोपी डोळ्यांवर येत नाही. चष्म्यावालेही हीच युक्ती करू शकतात.

रंग भडक घ्या, केशरी किंवा पोपटी. निळा नको, गर्दीत अर्धी मुलं निळ्यातच असतात. कॉलरच्या आतून कापडी पट्टीवर आपला मोबाइल नंबर लिहा.

मोबाइल आणि पिशवी

पिशवीवरचं रेनकव्हर फक्त बाहेरची बाजू झाकतं. पाणी पाठ आणि पिशवी यांच्या मधून उतरतं. त्यापेक्षा पिशवीच्या आत मोठी कचऱ्याची काळी पिशवी अस्तरासारखी लावा आणि सामान त्यात भरून तोंड पिळून खोचा. काही रुपयांत काम होतं.

फोनवर आयपी ६८ (धूळ आणि पाणी अडवण्याची खूण) लिहिलेलं असलं तरी ती चाचणी नव्या फोनची, स्वच्छ पाण्यातली असते, क्लोरीनच्या पाण्यातली नाही. गळ्यातलं पारदर्शक पाकीट घ्या, आधी घरी आत टिश्यू ठेवून बादलीत बुडवून बघा. फोन भिजलाच तर चार्जिंगला लावू नका. तांदळाच्या डब्यातही ठेवू नका, पीठ चार्जिंगच्या भोकात जातं. पुसून, भोक खाली करून पंख्यासमोर ठेवा.

जागेवर बिघडलं तर

चेन अडकली तर ओढू नका, पेन्सिलीचं शिसं किंवा लिपबाम दातांवर घासा. कोट फाटला तर आधी आतली बाजू कोरडी पुसून तिथून चिकटपट्टी लावा, ओल्यावर ती धरत नाही. सेफ्टी पिन लावली की एका भोकाची तीन होतात. मूल कुडकुडायला लागलं तर वरून आणखी कपडे चढवण्याआधी आतला ओला बनियन काढा.

आमचे चारही रेनसूट परत दारामागे लटकलेत, स्कूटरसाठी. पार्कासाठीच्या चार पोंचोंची घडी एका वहीएवढी होते, ती गाडीच्या डिकीत असते. आल्यावर त्यांना साध्या पाण्याने धुवायचं, साबण नाही, आणि सावलीत पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालायची नाही. या वर्षी एक घाईत तसाच घडी झाला. त्याला आता भिजलेल्या गोणपाटासारखा वास येतो, आणि घरात कुणी कबूल होत नाही की घडी कुणी घातली.