लाल झाकण, नारिंगी झाकण आणि वॉर्डची वही

इंदूरला नर्सिंगच्या नोकरीसाठी येणाऱ्या मुली मला आधी पगार विचारतात, मग नाइट किती लागतात ते. मी त्यांना सांगते, त्या वॉर्डात ओव्हर, म्हणजे शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती पुढच्या नर्सला, कसा देतात ते बघून या.

माझ्या नोकरीचा दुसरा महिना, नाइट ड्यूटी. पेशंटला १० युनिट इन्सुलिन द्यायचं होतं. वायल, म्हणजे इन्सुलिनची बाटली, चाळीसची, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. चाळीसच्या, लाल झाकणाच्या सिरिंज संपल्या होत्या, म्हणून मी नारिंगी झाकणाची घेतली. ती शंभरची असते, म्हणजे तिच्या खुणा एका मिलिलिटरला १०० युनिट धरून असतात. तिच्यात दहाच्या खुणेपर्यंत भरलं तर पेशंटला मिळतात फक्त ४ युनिट. याच्या उलट, शंभरचं इन्सुलिन लाल झाकणाच्या सिरिंजमध्ये भरलं तर दहाचे २५ होतात आणि शुगर एकदम खाली जाते. सुई टोचणार तेवढ्यात मोठ्या सिस्टरांनी हात धरला, "रुक बेटा, पहले ढक्कन का रंग देख।"

पेशंट वाचला. पण सकाळी रामबागेत घरी पोचले तरी डोळा लागेना. सिस्टर त्या रात्री रजेवर असत्या तर? त्यांना पक्कं ठाऊक असलेली ही गोष्ट वॉर्डात कुठेच लिहिलेली नव्हती.

पुढे एम.एस्सी.ला नोनाका आणि ताकेउची या जपानी व्यवस्थापन अभ्यासकांची १९९५ सालची मांडणी शिकले: माणसाच्या हातात, डोक्यात मुरलेलं ज्ञान शब्दांत उतरलं की ते सगळ्यांचं होतं. मला लगेच त्या सिस्टर आठवल्या. नर्सच्या कामाच्या आयुष्याचा दर्जा मोजायला ब्रुक्स आणि अँडरसन यांची ४२ प्रश्नांची प्रश्नावली आहे. तिच्यात ड्यूटी आणि घर यांची सांगडही तपासतात. ती वाचताना मला माझी ती न झोपलेली सकाळ दिसत होती.

आता आमच्या वॉर्डात एक वही आहे. चूक होता होता टळली की त्याच शिफ्टमध्ये लिहायची, नाव न घालता. नाव घातलं तर कुणी लिहिणारच नाही, हे इन्चार्ज सिस्टरांना पटवायला मला बराच वेळ लागला. पहिल्या पानावर दोन झाकणांची चित्रं आहेत.

आणि ओव्हर बेडजवळ उभं राहूनच घ्या. पेशंटला आज काय होतंय, आधी काय झालं, तुमचं निरीक्षण काय, पुढच्या शिफ्टने काय करायचं, हे चार प्रश्न विचारा. नर्सिंग स्टेशनवर, म्हणजे नर्सच्या टेबलापाशी, बसून घेतलेल्या ओव्हरमध्ये सलाइन संपत आल्याचं दिसत नाही.