पाल्यावर पाला: ग्वाल्हेरच्या थंडीत पाम जगवायचा तर या चुका टाळा

आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी माणसांची एक जुनी गंमत आहे. घरात 'पाला' म्हणजे मुळ्याचा, मेथीचा. उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलं की 'पाला' हिंदीतला, म्हणजे पहाटे गव्हाच्या शेतावर पांढरं पसरतं ते गोठलेलं दव. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या माझ्या अंगणात एका जानेवारीत पाल्यावर पाला पडला आणि पाच फुटांचा फॉक्सटेल पाम गेला. त्या रात्री मात्र काहीच कळलं नाही. सकाळी तो हिरवागार होता, फेब्रुवारीत जरा मलूल दिसला, आणि तो मेलाय हे मला समजलं ते एप्रिलमध्ये.

पामचं दुखणं हे असं उशिरा दिसतं, आणि आपल्या बहुतेक चुका त्यातूनच होतात. लिंबाची, जास्वंदीची फांदी जळली तर खालून दुसरी फुटते. पामला (बेटाने वाढणारे सोडले तर) वाढीचा डोळा एकच, शेंड्याच्या आत लपलेला. तो गेला की झाड गेलं. पण आधीची पानं पुढे दोन-तीन महिने हिरवी राहून आपल्याला फसवतात.

आधी इथली हवा. जानेवारीत रात्रीचं तापमान साधारण ६-७ अंशांवर असतं, कडाक्याच्या पहाटे २-३ च्याही खाली उतरतं. धुकं बसलं की दिवसचे दिवस ऊन नाही. आणि हेच गाव मे-जूनमध्ये ४५ च्या वर तापतं. पेपरात ३ अंश वाचून 'शून्य थोडीच झालंय' म्हणू नका. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून चारेक फुटांवर, पेटीत असतो. निरभ्र आकाश आणि पडलेला वारा असेल तर उघड्यावरचं पान हवेपेक्षा दोन-तीन अंशांनी जास्त गार होतं. पेपरात ३ असताना पानावर पाला असू शकतो.

थंडीला चिवट म्हणून आणला, जूनमध्ये गेला

इंटरनेटवर 'थंडी सोसणारा पाम' शोधलात की पहिलं नाव येतं विंडमिल पामचं. मूळचा चीनकडचा, खोडावर काथ्यासारखी केसाळ साल, पान पंख्यासारखं. शून्याखाली १०-१५ अंश सोसतो असं लिहिलेलं असतं आणि ते खोटं नाही. स्वित्झर्लंडच्या दक्षिणेला तिचिनो भागात तर तो रानात आपोआप उगवतो. पण तो आकडा जमिनीत मुरलेल्या मोठ्या झाडाचा आहे, कुंडीतल्या वीतभर रोपाचा नाही. शिवाय तिचिनोत लू, म्हणजे आपला उन्हाळ्यातला भाजणारा वारा, वाहत नाही! मी दोन लावले होते. दक्षिणेच्या अंगणातला पहिल्याच जूनमध्ये करपला. दुसरा उत्तरेच्या भिंतीलगत, कडुलिंबाच्या सावलीत आहे. वर्षाला चार-पाच पानं देतो, रडत नाही, हसतही नाही. ग्वाल्हेरात विंडमिलला जपायचं ते जानेवारीपासून नव्हे, जूनपासून.

याचा एक चुलतभाऊ आपल्याच देशातला आहे, कुमाऊँचा. पिथौरागडजवळच्या थलकेदार डोंगरावर तो सापडतो. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ ओदोआर्दो बेक्कारी यांनी १९०५ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, म्हणजे माधवराव शिंदे महाराजांनी ग्वाल्हेरचा मेळा, आमची दरवर्षीची मोठी जत्रा, सुरू केला त्याच साली. योगायोग एवढाच, पण मला तो आवडतो.

मग इथे लावायचं काय? सगळ्यात आधी आपली शिंदी, जिला इथे सगळे खजूर म्हणतात. काटे आहेत, रुबाब कमी आहे, पण तिला ना जानेवारीची फिकीर ना जूनची. त्यानंतर वॉशिंग्टोनियातला जाड बुंध्याचा फिलिफेरा. तो कॅलिफोर्निया-ॲरिझोनाच्या वाळवंटातला, तापलेला दिवस आणि गारठलेली रात्र त्याच्या अंगवळणी पडलेली. बिस्मार्क पाम घ्यायचा तर चंदेरी पानांचा घ्या, हिरवा थंडीला नाजूक असतो. नर्सरीवाले ज्याला चायना पाम म्हणतात तो पंख्याच्या पानांचा लिव्हिस्टोना इथे चांगला येतो, सावलीच्या जागेसाठी राफिस. रॉयल पाम पहिली तीन-चार वर्षं जपला तर पुढे तग धरतो. फॉक्सटेल, अरेका, नारळ आणि मॉरिशसकडचा खरा बॉटल पाम उघड्यावर लावायचे तर मन घट्ट करून लावा. (फुगीर बुंध्याच्या कुठल्याही पामला नर्सरीत बॉटल पाम म्हणतात, तेव्हा रोप बघून घ्या, नाव ऐकून नको.) सायकस हा पामच नाही, त्यामुळे त्याचे नियम इथे लावू नका.

मेळ्यातून आणला आणि दुसऱ्या दिवशी खड्ड्यात घातला

मेळा भरतो डिसेंबरच्या अखेरीस, म्हणजे पाम लावायला वर्षातल्या सर्वांत वाईट दिवसांत. रोपं देखणी असतात, हात आवरत नाही, मलाही आवरला नव्हता. पण आपल्याकडे विकायला येणारी कितीतरी रोपं आंध्रात, गोदावरीकाठच्या कडियमसारख्या दमट, उबदार गावांत वाढलेली असतात. तिथून थेट आपल्या धुक्यात. पामची मुळं गरम मातीत चालतात. गार मातीत ती नुसती बसून राहतात. पिशवी फाडताना दुखावलेलं मूळ, वर ओली गार माती, मग कूज ठरलेली.

घेतलंत तर घेतलंत. रोप पिशवीसकट व्हरांड्यात, दक्षिणेच्या भिंतीला टेकवून ठेवा. होळी होऊ द्या, मग लावा. त्याहून बरं म्हणजे जुलैत, पहिले दोन पाऊस चांगले झाले की. होळीला लावलेल्याला सगळा उन्हाळा पाणी द्यावं लागतं, हे विसरू नका.

खोल लावण्याचा मोहही टाळा. आमच्या शेजारच्या काकांनी वॉशिंग्टोनिया जवळजवळ फूटभर खोल लावला, म्हणाले, "वाऱ्याने हलायला नको." मी म्हटलं, "काका, अहो हा विजेचा खांब नाहीये." पिशवीत माती जिथवर होती तिथवरच जमिनीत माती हवी. बुंधा पुरला की मुळांचा श्वास कोंडतो आणि वर्षभराने नवी पानं फिकी निघायला लागतात. तोवर आपण खोल लावलं होतं हेच विसरलेलो असतो.

पाणी

एकट्या थंडीने मेलेला पाम मी क्वचित पाहिलाय. थंडी आणि ओल मिळून मारतात. ऑक्टोबरपर्यंत दिवसाआड पाणी देत होतो म्हणून जानेवारीतही देतो, ही सवय मोडा. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर झारी परत ठेवा. धुक्याच्या दिवसांत जमिनीतल्या पामला दहा-बारा दिवस पाणी नाही दिलं तरी चालतं. कुंडीखालच्या ताटल्या काढून टाका. आणि शेंड्यात पाणी कधीच ओतू नका, नळीने पानं धुण्याची हौस मार्चपर्यंत आवरा.

एकच अपवाद. पाला पडणार असं दिसत असेल आणि माती अगदी कोरडी असेल, तर दुपारी बुंध्याशी थोडं पाणी द्या. ओलसर माती दिवसाची ऊब धरते, कोरडी भुसभुशीत माती धरत नाही. हे वरच्याच्या उलट वाटतं, पण उलट नाही: ओलसर आणि चिखल यात फरक आहे.

दसऱ्यानंतर युरिया बंद. त्याने फुटलेलं कोवळं पान ऐन डिसेंबरात उघडतं आणि सगळ्यात आधी तेच जळतं.

प्लॅस्टिकची शाल

पाम झाकायला लोक पॉलिथीन गुंडाळतात आणि खाली बुंध्याशी सुतळीने आवळतात. दोन चुका एकदम. प्लॅस्टिक जिथे पानाला चिकटतं तिथे पान जळतं, आणि बुंध्याशी बांधल्यामुळे जमिनीतून रात्रभर वर येणारी ऊब आत शिरतच नाही. चार बांबू रोवा, त्यांवर गोणपाट किंवा जुनी सुती चादर टाका, कडा थेट जमिनीला टेकू द्या. पानाला कापड लागू नये. सकाळी ऊन आलं की काढा. तीन-तीन दिवस झाकून ठेवलं तर आत बुरशी येते.

फारच नाजूक झाड असेल तर आत जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब लावा, कापडापासून आणि पानापासून हातभर लांब, दवात भिजणार नाही असा. एलईडीची माळ लावून आमच्याकडे एकाने फोटो छान काढले होते. तिची ऊब नसल्यात जमा.

जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती मात्र मोठा आधार आहेत. दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत दिवसभर तापते आणि रात्री हळूहळू ऊब सोडते. माझा एक वॉशिंग्टोनिया भिंतीपासून तीन फुटांवर आहे, दुसरा अंगणाच्या मध्यात. जात एक, वय एक, तरी दर जानेवारीत पानं जळतात ती मधल्याचीच.

पान पिवळं म्हणजे थंडीच, असं नाही

सर्वांत जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा थांबून बघा. पिवळेपणा कुठल्या पानावर आहे, जुन्या की नव्या? उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळतं.

थंडीचा मार असेल तर तो एका रात्रीत बसलेला असतो आणि उघड्यावरच्या सगळ्या पानांवर दिसतो, आकाशाकडच्या बाजूला जास्त. भिंतीआडची, दुसऱ्या झाडाखालची पानं वाचलेली असतात. रंग आधी पाण्यात उकळल्यासारखा गडद, मग खाकी.

फक्त खालची, जुनी पानं पिवळी-नारिंगी ठिपक्यांनी भरली असतील आणि टोकं करपत असतील, तर पालाश (पोटॅश) कमी पडलंय. जुन्या पानांच्या कडेला रुंद पिवळा पट्टा आणि मधोमध स्वच्छ हिरवं, तर मॅग्नेशियम. त्याला एप्सम सॉल्ट. हे दोन्ही थंडीत सुरू होत नाहीत, पण धुक्यात झाड मंदावलं की नजरेत भरतात.

आणि नवीन येणारं पानच आखूड, सुरकुतलेलं, जळल्यासारखं कुरळं निघत असेल, तर तिथे गोणपाट काही कामाचं नाही. ते मँगनीज. चुनखडीच्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यावर मँगनीज मुळांना मिळत नाही, माती गार असली की आणखीच नाही. आमच्या गल्लीतल्या एका रॉयल पामला दोन हिवाळे 'थंडी बाधते' म्हणून झाकत होते. ऑगस्टमध्येही पान तसंच कुरळं निघालं तेव्हा डोळे उघडले. मँगनीज सल्फेट दिल्यावर आधीची पानं सुधारली नाहीत, ती सुधारतही नाहीत. पुढची नीट आली.

घरात आणलेला अरेका टोकांकडून तपकिरी होतोय? हीटरपासून लांब न्या. पानामागे बारीक जाळी दिसली तर कोळी कीड आहे, ओल्या फडक्याने पुसा.

कात्री आवरा

जळलेलं पान बघवत नाही आणि पाहुणे यायचे असतात, हे मान्य. तरी मार्च अर्धा सरेपर्यंत कापू नका. वरचं जळकं पान पुढच्या पाल्यात आतल्या शेंड्याचं पांघरूण असतं. अर्ध-हिरवं पान अजून अन्न करतंय. पालाश कमी असेल तर झाड जुन्या पानातलंच ओढून नव्याला देतं. ते पान कापलंत की दुखणं एक पान वर सरकतं. हिरव्या देठाचा ताजा घाव सोंड्या भुंग्याला आमंत्रण देतो. आणि खोडाला कोयता लागला तर ती जखम पाममध्ये भरून येत नाही, जन्मभर तशीच दिसते.

सुई हातात आली तर

शेंड्यातलं मधलं मिटलेलं पान, भाल्यासारखं उभं असतं ते, त्याला मी सुई म्हणतो. फेब्रुवारीत दर आठवड्याला ती दोन बोटांत धरून हलकेच वर ओढून बघा. घट्ट असेल तर झाकण टाकून निवांत राहा. सहज निसटून हातात आली, खालचं टोक तपकिरी, बुळबुळीत आणि नासलेल्या ताकासारखा वास, तर कोंब कुजायला लागलाय.

पण तेवढ्यावर झाड उपटू नका. मी फॉक्सटेल उपटला तो एप्रिलमध्ये, तेही काहीच न करता वाट पाहून. सुई निघाल्याबरोबर पोकळीतली घाण चमच्याने काढून टाकायची. औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आत ओतायचं, फेस येतो. फेस थांबेपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा. मग कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला ३ ग्रॅम, एकदाच किंवा फार तर दोनदा. तांबं साचलं तर तेच झाडाला बाधतं. वर घमेलं पालथं धरावं तसं काहीतरी आडोशाला ठेवा, दव आत जायला नको, वारा मात्र खेळू द्या.

आणि सुई जागेवर असेल पण झाड जिवंत की मेलेलं हे कळत नसेल, तर पक्क्या शाईच्या मार्करने सुई आणि शेजारचा देठ यांवर एक सलग आडवी रेघ मारा. देठ वाढत नाही, सुई वाढते. गेल्या हिवाळ्यात मधल्या वॉशिंग्टोनियाची सगळी पानं खाकी झाली होती, घरचे म्हणाले, काढून टाक आता. मी रेघ मारली. पंधरा दिवस ती जिथल्या तिथे. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी हातापायाचा रंग घासता घासता सहज बघितलं, तर देठावरची रेघ खाली राहिली होती आणि सुईवरची तिच्या दोन बोटं वर गेली होती.