जुन्या वनस्पती उद्यानात गाईडबरोबर फिरण्याआधी

बागेत झाड शोभेसाठी लावतात. वनस्पती उद्यानात प्रत्येक रोपाची नोंद ठेवलेली असते: ते कुठून आलं, कधी दाखल झालं, रानातून आणलं की दुसऱ्या उद्यानातून. या नोंदीचा थोडासा भाग झाडाजवळच्या पाटीवर असतो. त्यामुळे फेरीला जाण्यापूर्वी पाटी वाचायला शिका. दीड-दोन तासांत गाईड फार तर वीस-पंचवीस झाडांबद्दल बोलेल, बाकी हजारो झाडांबद्दल पाटीच सांगणार आहे.

पाटीवरच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा. त्यापुढे एकटं ‘एल’ हे अक्षर असेल, तर ते नाव अठराव्या शतकातल्या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने दिलेलं. नावामध्ये गुणाकाराची खूण असेल तर झाड संकरित. एकेरी अवतरणचिन्हांत नाव असेल तर ते माणसाने निवडून जोपासलेलं वाण. फॅबेसी, रोझेसी असा ‘एसी’ने संपणारा शब्द कुळाचा. एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत दाखल क्रमांक असतो. बऱ्याच उद्यानांत त्यातले पहिले चार आकडे रोप किंवा बी दाखल झाल्याचं वर्ष सांगतात आणि पुढचे त्या वर्षातला अनुक्रम. त्यावरून झाडाचं वय मात्र काढू नका, कारण आलेलं रोप आधीच मोठं असू शकतं किंवा जुन्या झाडाची फांदी असू शकते. काही ठिकाणी मूळ सांगणारं एक अक्षरही असतं. ‘डब्ल्यू’ म्हणजे थेट रानातून गोळा केलेलं, ‘झेड’ म्हणजे रानातल्या झाडापासून लागवडीत वाढवलेलं, ‘जी’ म्हणजे लागवडीतूनच आलेलं आणि ‘यू’ म्हणजे मूळ माहीत नसलेलं. ‘डब्ल्यू’ दिसलं की थांबा. संशोधन आणि संवर्धनासाठी अशी झाडं सर्वांत मोलाची असतात.

पाट्याही चुकतात. वर्षायू रोपांचं बी शेजारच्या वाफ्यात पडतं आणि पुढच्या हंगामात भलत्याच पाटीखाली उगवतं. झाड मरून जातं, पाटी तशीच राहते. नावंही बदलतात: बाभळीचं जुन्या पाटीवरचं नाव अकेशिया निलोटिका, आता मान्य असलेलं व्हॅचेलिया निलोटिका. पान आणि पाटी जुळत नाहीत असं वाटलं तर गाईडला सरळ विचारा. चांगल्या गाईडला असा प्रश्न आवडतो.

फेरीची वेळ ठरवण्याआधी उद्यानात फोन करून सध्या काय फुललंय ते विचारा. व्हिक्टोरिया अमेझॉनिका या महाकाय कमळाचं फूल संध्याकाळी उघडतं. पहिल्या रात्री ते पांढरं असतं, मादी अवस्थेत असतं आणि भुंगेऱ्यांना आत कोंडून मिटतं. दुसऱ्या रात्री ते गुलाबी होऊन नर अवस्थेत उघडतं आणि परागकण माखलेले भुंगेरे बाहेर पडतात. हे पाहायचं असेल तर संध्याकाळची फेरी असलेलं उद्यान शोधा, कारण भर दुपारी मिटलेलं फूलच दिसेल. टायटन आरम या सुमात्रातल्या वनस्पतीचा माणसाहून उंच फुलोरा तर एक-दोन दिवसच टिकतो. तिथे आधी केलेलं आरक्षण उपयोगी पडत नाही, बातमी कळताच निघावं लागतं.

उद्यान ऐतिहासिक असेल तर त्याची आखणी हीच पहिली पाहण्याची वस्तू. इटलीतलं पादुआचं उद्यान १५४५ साली औषधी वनस्पतींसाठी स्थापन झालं. तिथे वर्तुळात चौकोन आणि चौकोनात वाफे आहेत. भोवतीची भिंत औषधी झाडांची चोरी थांबवण्यासाठी बांधली होती. स्वीडनमध्ये उप्सालाच्या उद्यानात लिनियसने पुंकेसरांवर आधारलेल्या आपल्या वर्गीकरणाप्रमाणे वाफे लावले होते. म्हणून गाईडला पहिला प्रश्न विचारा: हे वाफे कोणत्या क्रमाने लावलेत? उत्तर मिळालं की शेजारी-शेजारी उभी असलेली झाडं एकमेकांची कोण लागतात, हे पुढे आपलं आपल्याला उमगत जातं.

दुसरा प्रश्न सर्वांत जुन्या झाडाचा. पादुआत १५८५ साली लावलेला पाम आजही जिवंत आहे. जर्मन कवी गटेने १७८६ मध्ये तो पाहिला आणि वनस्पतींच्या रूपांतराविषयीच्या आपल्या विचारांत त्याचा आधार घेतला. लंडनच्या क्यू उद्यानात १७७५ साली आणलेला सायकड, म्हणजे पामसारखं दिसणारं पण फुलं न येणारं झाड, अजून कुंडीत वाढतो आहे. एन्सेफलार्टोस वुडी हा दुसरा सायकड १८९५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सापडला, तोही एकच नर. मादी आजवर मिळालेली नाही, म्हणून जगभरातली त्याची सगळी झाडं त्याच एका झाडाच्या फुटव्यांपासून झालेली आहेत. असं झाड समोर असेल तर घाई करू नका. कोलकात्याजवळच्या शिबपूरच्या उद्यानातला प्रचंड वड पाहायचा असेल, तर एका जागी उभं राहून तो नुसतं रान वाटतो. त्याचं मूळ खोड बुरशीमुळे १९२५ साली काढावं लागलं आणि आता सारा भार पारंब्यांवर आहे. पूर्ण प्रदक्षिणा घातल्याशिवाय हे ध्यानात येत नाही.

तिसरा प्रश्न थोडा अवघड आहे, पण टाळू नका: ही झाडं इथे कोणी आणि कशासाठी आणली? १८७६ मध्ये ब्राझीलमधून सुमारे ७० हजार रबराच्या बिया क्यूला पोहोचल्या आणि तिथली रोपं आशियात गेली. वसाहतींचा व्यापार अनेक उद्यानांतून असाच वाढला, तो वगळून त्यांचा इतिहास अर्धाच कळतो.

गटात चालताना गाईडच्या लगेच मागे राहा. खडीच्या वाटेवर पावलांचा आवाज होतो आणि मागच्यांना काही ऐकू येत नाही. गाईड थांबला की त्याच्या बाजूला उभे राहा, कारण बोलताना तो वारंवार झाडाकडे वळतो.

फोटो आधी पाटीचा, मग पूर्ण झाडाचा, मग पान-फुलाचा. हा क्रम मोडला की घरी गेल्यावर कुठलं पान कोणाचं ते लागत नाही. दहापट भिंग जवळ ठेवा. ते डोळ्याला टेकवून फुलाजवळ वाका, फूल तोडून भिंगाजवळ आणू नका.

बाहेर थंडी असेल तर उबदार काचघरात शिरताच चष्मा आणि कॅमेऱ्याची काच धुरकटते. पुसून उपयोग नाही, कारण काच थंड असेपर्यंत हवेतली वाफ त्यावर जमतच राहते. कॅमेरा बंद पिशवीत ठेवून पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर काढा.

पानं चुरगाळून वास घेण्याआधी गाईडला विचारा. औषधी वाफ्यांतल्या सतापाचा रस त्वचेला लागून वर ऊन पडलं तर फोड येतात, आणि तेही एक-दोन दिवसांनी, त्यामुळे कारण लक्षात येत नाही. खाली पडलेली बी किंवा फळही खिशात टाकू नका. त्यातून कीड आणि रोग बाहेर जातात, शिवाय ते बी उद्यानाच्या संग्रहासाठी राखून ठेवलेलं असू शकतं. बी हवंच असेल तर फेरी संपल्यावर कार्यालयात विचारा. काही उद्यानं जास्तीची रोपं आणि बिया रीतसर विकतात.