कॅम्परव्हॅनच्या मच्छरजाळीवरचे डाग : या चुका टाळा

गुहागरची आठ दिवसांची सहल आटोपून परतलो, तेव्हा आमच्या कॅम्परव्हॅनच्या, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीच्या, मागच्या सरकत्या खिडकीची जाळी विटकरी झाली होती. मी बादली घेतली, फडकं पिळलं आणि पुसायला सुरुवात केली. पहिली चूक तिथेच झाली. कोकणातली लाल माती कोरडी असते तोवर नुसती धूळ असते. पाणी लागलं की तिचा चिखल होतो आणि तो जाळीच्या भोकाभोकांत बसतो. तेव्हा आधी जाळी कोरडीच झाडा. रंगकामाचा मऊ ब्रश घ्या, गादीवर जुनी चादर टाका आणि आतून बाहेर हलक्या हाताने झटका. निम्मं काम इथेच होतं.

मग डाग कसला आहे ते बघा, कारण सगळ्या डागांना एकच औषध चालत नाही. मोबाइलचा टॉर्च जाळीमागे धरला की लगेच कळतं. काळे, पसरत गेलेले ठिपके म्हणजे बुरशी. पिवळट, बोटाला चिकटणारा थर म्हणजे शेगडीजवळचं तेल. गाडीत बांगडे तळले की तो येणारच. कडक तपकिरी टिंबं घरमाश्यांच्या विष्ठेची असतात. समुद्राकाठी पांढुरकी खर दिसते, ते मीठ.

मीठ साध्या गोड्या पाण्याने जातं, पण ते लवकर धुवा, नाहीतर ॲल्युमिनियमची चौकट खाल्ली जाते. माश्यांची टिंबं नखाने खरवडू नका. ओलं फडकं दहा मिनिटं लावून ठेवलं की ती आपोआप सुटतात. तेलासाठी कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब पुरतात. इथे बरेच जण धुण्याचा सोडा वापरतात. ॲल्युमिनियमचं पातेलं सोड्याने कसं काळं पडतं ते आपण स्वयंपाकघरात पाहिलेलं आहे. खिडकीच्या चौकटीचंही तेच होतं.

घासताना एका हातात जाळीमागे घडी केलेला टॉवेल धरा आणि दुसऱ्या हाताने पुढून स्पंज टिपा. आधार नसला तर जाळी ताणली जाते आणि मधोमध पोट सुटतं. एका वॉशिंग सेंटरवर "मॅडम, दोन मिनिटांत चकाचक करतो" म्हणत मुलाने पाण्याचा जेट मारला आणि जाळी एका बाजूने रबराच्या बीडिंगमधून, म्हणजे तिला चौकटीत धरून ठेवणाऱ्या पट्टीतून, पूर्ण बाहेर आली. त्या मुलाला दोष देत नाही, मीच आधी सांगायला हवं होतं. जेट जाळीवर कधीही नको.

बुरशीवर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात लावा, अर्ध्या तासाने धुवा. डाग फिका होतो, पूर्ण जाईलच असं नाही. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते : व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र करू नका, एकापाठोपाठ एकही लावू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि गाडीची खोली ती केवढीशी!

वर उचलून उघडणाऱ्या खिडक्यांची काच बहुधा काच नसते, ॲक्रिलिक असतं. जाळीवर फवारलेलं काच पुसायचं लिक्विड किंवा स्पिरिट आरपार जाऊन त्यावर पडलं, तर केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि त्या परत बुजत नाहीत. म्हणून फवारा नको, स्पंजच बरा.

"धुतली तरी डाग परत येतात," अशी तक्रार असेल तर गुंडाळीची जाळी पूर्ण खाली ओढून बघा. ठरावीक अंतरावर आडवे काळे पट्टे दिसले, तर जाळी ओली असतानाच गुंडाळली गेली आहे. बुरशी आतल्या नळीतच वाढते आहे. धुतल्यावर ती दिवसभर उघडी ठेवा, पावसाळ्यात दोन दिवस. खालची पट्टी हातातून निसटू देऊ नका. स्प्रिंग झटक्याने गुंडाळते आणि जाळी तिरकी बसते. अडकत असेल तर खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल घालू नका, त्यावर धूळ चिकटते. खाचेत सिलिकॉन स्प्रे फडक्यावर घेऊन फिरवा.

एवढं करूनही जाळी पिवळीच राहिली आणि बोटांत चुरगळली की कुरकुर वाजली, तर उन्हाने तिच्यावरचा प्लॅस्टिकचा थर गेला आहे. तिला घासत बसू नका. सरकत्या खिडकीची चौकट काढून ॲल्युमिनियम खिडक्यांच्या दुकानात न्या आणि नवीन जाळीबरोबर बीडिंगही नवीन घ्या. जुनं रबर कडक झालेलं असतं, ते नव्या जाळीला धरून ठेवत नाही.