फ्रान्सच्या खेड्यांत फिरायचंय? आधी बाजाराचा वार बघा

पॅरिस झालं की बरेच जण एक दिवस "कंट्रीसाइड"ला देतात, बस टूर घेतात, चार गावं, प्रत्येक ठिकाणी पाऊण तास, आणि परत आल्यावर म्हणतात सगळी गावं सारखीच दिसतात हो. दिसणारच! दुपारी दोनला पोचलात तर बाजार उठलेला, दुकानांची शटरं खाली, मग दगडी भिंतींचे फोटो काढण्यापलीकडे करणार काय.

माझं म्हणणं सरळ आहे. एकच खोरं निवडा, एकाच गावात आठवडाभर मुक्काम टाका आणि रोज कुठे जायचं ते बाजाराच्या वारावरून ठरवा, किल्ले आपोआप वाटेत येतात. मी हे दोर्दोन्य नदीच्या खोऱ्याबद्दल सांगतेय, नैऋत्य फ्रान्समधला पेरिगोर भाग. इथे 1337 ते 1453 चाललेल्या इंग्रज-फ्रेंच लढायांमध्ये नदीकाठचे किल्ले कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला, त्यामुळे थोड्याशा अंतरात इतके गढ्या-किल्ले आहेत की सह्याद्रीत फिरणाऱ्याला इथे घरच्यासारखं वाटेल, फक्त इथे वर जायला रस्ता आणि आत कॅफे असतो.

मुक्काम इथल्या सार्ला या गावात. पॅरिसहून टीजीव्ही या वेगवान ट्रेनने बोर्दो, तिथून लोकल ट्रेनने पावणेतीन तासांच्या आसपास. पण गाडी भाड्याने घेतलीच पाहिजे, खेड्यांत बसच्या भरवशावर राहिलात तर आठवडा बसस्टॉपवरच जाईल. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट निघायच्या आधी आरटीओतून काढून ठेवा. ऑटोमॅटिक हवी असेल तर लवकर बुक करा, कारण मॅन्युअलच जास्त मिळतात, आणि गाडी छोटीच घ्या, गावातल्या गल्ल्या घोडागाडीच्या मापाच्या आहेत. गाडी उजवीकडून चालवायची एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण वेगळी पाटी नसेल तिथे उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हा नियम आपल्याला सवयीचा नाही आणि तिथले लोक खरंच न बघता बाहेर येतात.

आता वार. बुधवार आणि शनिवार सार्ला, यातला शनिवारचा मोठा. मंगळवारी ल ब्यूग, गुरुवारी दोम किंवा माँपाझिए, रविवारी सँ-सिप्रियँ किंवा इसिझाक. सगळे सकाळचे, साडेबारा-एकला आवराआवर सुरू होते, म्हणून साडेआठला पोचायचं म्हणजे पोचायचंच, पार्किंगसुद्धा तेव्हाच मिळतं. सार्लाला एक जुनं चर्च आहे, सँत-मारी, त्याचं आता बंदिस्त मार्केट केलंय. झाँ नुव्हेल या आर्किटेक्टने, तो याच गावात वाढला, चर्चला पोलादाचे अवाढव्य दरवाजे लावलेत, आणि आत कमानींखाली चीज, अक्रोड, बदकाच्या मांसाचे डबे विकायला. काहींना ते दरवाजे विद्रूप वाटतात, मला आवडले.

बाजारात वागायची रीत महत्त्वाची. आधी "बाँझूर" म्हणायचं, मगच भाव विचारायचा, नाहीतर चेहरे पडतात. फळं आपण हाताने उचलून दाबून बघायची नाहीत, विक्रेता निवडून देतो. खरबूज घ्यायला गेलात तर तो विचारेल कधी खाणार, आज दुपारी की उद्या, आणि त्याप्रमाणे एकेक उचलून देठाशी वास घेऊन तुमच्या हातात देईल. घासाघीस अजिबात नाही. पिशवी आणि सुटे पैसे जवळ ठेवा, सगळे कार्ड घेतात असं नाही.

किल्ल्यांमध्ये बेनाक आणि कास्तेलनो हे दोन एकाच दिवशी बघा, कारण नदीच्या दोन काठांवर ते एकमेकांवर नजर ठेवून उभे आहेत आणि एकावरून दुसरा बघितल्याशिवाय प्रकरण कळत नाही. बेनाक उभ्या कड्यावर आहे, खालच्या गावातून चढलात तर पोटऱ्या बोलतील, आई-बाबा सोबत असतील तर मागच्या बाजूने वर गाडी जाते. कास्तेलनोत मध्ययुगीन युद्धाचं म्युझियम आहे, आणि बाहेर तटावर दगडफेकीची लाकडी यंत्रं खऱ्या मापाची उभी केलीत, एका टोकाला वजनाची पेटी, दुसऱ्या टोकाला लांबलचक दांडा आणि गोफण. सीझनमध्ये ती चालवून दाखवतात, मुलं तिथून हलत नाहीत. दुसऱ्या दिवशी पाय दुखत असतील तर व्हित्राकहून कयाक घ्या आणि प्रवाहाबरोबर बेनाकपर्यंत या, कड्याला चिकटलेलं ला रोक-गाझाक आणि हे दोन्ही किल्ले पाण्यातून दिसतात. परत आणायची सोय भाड्याने देणारेच करतात.

गुरुवार माझ्या मते माँपाझिएला द्या. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने 1284 मध्ये वसवलेलं हे गाव, म्हणजे आधी नकाशा आणि मग घरं, 400 बाय 220 मीटरचा आयत, काटकोनात रस्ते, मधोमध चौक आणि चौकाभोवती कमानींचे ओटे. लाकडी छपराच्या बाजारात धान्य मोजायची जुनी मापं अजून आहेत. घरांच्या मधल्या हातभर फटी चुकवू नका, आग पसरू नये म्हणून ठेवलेल्या, आणि सांडपाणीही तिथूनच जायचं. दोम हे फ्रेंच राजाने 1281 मध्ये वसवलेलं, तिथल्या दरवाजाच्या बुरुजांत 1307 नंतर टेम्पलर या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या पंथाचे शिलेदार कैदेत होते आणि त्यांनी भिंतींवर कोरलेल्या आकृत्या आहेत.

रोकामादूर हे तीर्थाचं गाव जरा लांब आहे पण जा, यात्रेकरू जिन्याच्या 216 पायऱ्या गुडघ्यांवर चढायचे. पहाटे जा, दहानंतर नुसत्या बसेस.

खाण्याचं शाकाहारी मंडळींनी नीट वाचा. हा बदकाचा मुलूख आहे. "पोम सार्लादेझ" म्हणजे साधे लसणीतले बटाटे वाटतात पण ते बदकाच्या चरबीत परततात, आणि पेरिगोर सॅलडमध्ये बदकाचे तुकडे येतातच. "साँ व्हिआंद, साँ ग्रेस द कनार", म्हणजे मांस नको, बदकाची चरबी नको, हे पाठ करा. उपाशी राहणार नाही, रोकामादूरचं बकरीचं चीज, अक्रोडाचा केक, वसंतात स्ट्रॉबेरी, पाव तर आहेच. जेवण बारा ते दोनमध्येच, अडीचला गेलात तर किचन बंद, आणि सोमवारी बरंच काही बंद असतं.

जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर रात्रीचे खाऊबाजार सोडू नका. चौकात लांब टेबलं मांडतात, वेगवेगळ्या स्टॉलवरून घ्यायचं आणि सगळ्या गावासोबत बसून खायचं. तिथले लोक घरून ताटं, चमचे, टेबलक्लॉथसुद्धा घेऊन येतात, तुम्हीही मुक्कामावरून ताटल्या उचला. पण या दोन महिन्यांत गर्दी आणि भाव दोन्ही डोक्यावर असतात, म्हणून खाऊबाजार नको असेल तर मे-जून किंवा सप्टेंबर घ्या. थंडीत बरेच किल्ले वेळ कमी करतात, काही बंदच असतात, पण डिसेंबर ते फेब्रुवारी सार्लाला शनिवारी ट्रफलचा, म्हणजे जमिनीखाली उगवणाऱ्या महागड्या सुवासिक बुरशीचा, बाजार भरतो, विकत घ्यायची ऐपत नसली तरी वास फुकट आहे.